तुंगाचे केस

"आज किती निघाले?" प्रवीणने तबेल्याच्या दारातूनच विचारलं. तोंडात दात घासायचा ब्रश होता, त्यामुळे निम्मे शब्द फेसात गेले.

"ही बघ की, एवढी रास," त्याची आई सखूबाई म्हणाली आणि मुठीतले पांढरे केस तिने कुंपणाच्या तारेवर अडकवले. "चिमण्यांची चंगळ हाय ह्या वर्षी."

"मग बरी हाय म्हणायची तुंगा."

"बरी हाय की. तिला काय झालंय?"

प्रवीण चूळ भरायला गेला, तेव्हा कुठे सखूबाईने घोडीच्या कुशीवरचा हात उचलला. हाताखालची कातडी लालभडक झाली होती. केस गळलेले नव्हते. तिने ते उपटले होते.

धारवाडची थंडी म्हणजे काही हिमालयातली नव्हे, पण घोड्याच्या अंगावर तेवढ्यानेही लव दाटते. शिमगा झाला की ती सुटू लागते. मग सखूबाईचा हंगाम. खरारा गोल गोल फिरवायचा, दातऱ्यांत अडकलेला पुंजका काढायचा, खरारा दगडावर आपटायचा, पुन्हा फिरवायचा. नाकातोंडात केस, लुगड्यावर केस. सून संगीता तिला आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायची नाही. अळणावरकडच्या खेड्यातून सखूबाई लग्न होऊन आली, तेव्हापासून हे काम तिचं. नवरा नारायण लग्नांना घोडी पुरवायचा. लगाम त्याच्या हातात, खरारा हिच्या. नारायण गेला, बाकीची जनावरंही एकेक करून गेली. एकटी तुंगा उरली.

आणि ह्या वर्षी तुंगाने केस सोडलेच नाहीत. उलट पोटाखालची लव लांबच लांब होत चालली. खरारा रिकामा यायचा. घोडी बादल्यांवर बादल्या पाणी प्यायची आणि सावलीला उभी राहून धापा टाकायची.

नारायणचं एक बोलणं होतं, "शिमग्याला केस टाकेल ते घोडं, न टाकेल ते मढं." प्रवीण घोड्यांचं काही शिकला नाही. मोटार चालवायला शिकला. पण हे एवढं वाक्य त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. माणसाला बापाचं नेमकं नको तेवढंच आठवतं. शिमग्याच्या दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला होता, "अव्वा, पाडव्यापर्यंत केस नाही टाकले तर मी तिला कलघटगीच्या व्यापाऱ्याला देऊन टाकणार. घरात मरू लागली की तूच रडत बसशील."

त्या व्यापाऱ्याने मागे त्यांचा म्हातारा राजा नेला होता. राजाचं पुढे काय झालं, असं सखूबाईने त्याला बाजारात गाठून विचारलं होतं. तो हसला होता आणि त्याने तिच्यापुढे सुपारी धरली होती. ती सुपारी तिने घेतली नाही, पण ते हसू काही तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

म्हणून ही उपटणी. सगळे उठायच्या आधी, जिथे झूल पडते तिथले केस. तुंगा हूं की चूं करत नसे, फक्त कातडी थरथरे. एकदा तिने मान वळवून सखूबाईचा पदर ओठांत धरला आणि तशीच उभी राहिली.

"सोस गं बाय," सखूबाई म्हणाली. "दोघींनाबी सोसायचंय."

पाडवा पार पडला. व्यापाऱ्याचं नाव निघालं नाही. सखूबाईला वाटलं, जिंकलो. आणि एक दिवस प्रवीण उड्या मारतच घरी आला. "अव्वा, सप्तापूरचं लग्न मिळालं! पोरगा बेलूरला फॅक्टरीत हाय, साकेत नाव. मारुतीच्या देवळापासनं मांडवापर्यंत न्यायचं. दुपारचा मुहूर्त."

"उन्हात?"

"मग काय त्यांचं लग्न चांदण्यात लावू?"

"म्हातारी हाय रे ती."

"केस टाकलेत की तिनं! तूच दाखवालीस रोज. ठणठणीत हाय."

खरं सांगावं तर कलघटगी, न सांगावं तर ऊन. लग्नापर्यंत तिला अन्न गोड लागलं नाही. लग्नाच्या सकाळी प्रवीण तुंगाच्या पाठीवर लाल मखमली झूल बांधत होता, तेव्हा तिचा धीर सुटला.

"प्रवीण, नेऊ नको तिला. ते केस गळले न्हवते. म्या उपटले."

प्रवीण हसला. "आता हे काय नवीन? न्यायचं नाही म्हणून काहीबी सांगालीस होय?" त्याने तबेल्याच्या वळचणीकडे बोट दाखवलं. तिथे तुंगाच्याच केसांचं घरटं होतं. "ते बघ. एवढे केस कोण उपटंल?"

"झूल उचलून बघ तरी."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नवरदेव देवळात येऊन थांबला होता. प्रवीणने झूल खाली ओढली. "साकु, अव्वा, साकु! पुरे झालं, अपशकून करू नको."

"अत्ती, सोडा की आता," संगीताही सासूला म्हणाली.

सखूबाईने बादली भरून घेतली. खरारा सवयीने कमरेला खोचलेलाच होता. ती घोडीमागून निघाली.

साकेत काटकुळा पोरगा होता. फेट्याखाली घामाघूम झालेला. वर चढताना त्याने हळूच विचारलं, "आजी, पाडणार नाही ना?"

"न्हाई बाळा. मांडवात नीट नेऊन सोडंल ती तुला."

ते तरी तिने खरं सांगितलं. वाजंत्री सुरू झाली, पोरं नाचू लागली. वरून चैत्राचं ऊन, अंगावर थंडीतली लव, त्यावर मखमल. झुलीच्या काठाखालून आधी फेस आला. मग घाम टपटपू लागला. सखूबाई मानेवर ओला पदर फिरवत चालली होती. मांडवाची कमान दिसू लागली आणि तिच्या लक्षात आलं, की मघापासून निथळणारी मान आता कोरडी पडली आहे. हात ठेववत नव्हता इतकी तापली होती.

"थांबवा रे! उतरवा त्याला!"

ढोलापुढे तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

कमानीपाशी भाकरतुकडा ओवाळून टाकला. तुंगा चारी पाय रोवून उभी राहिली. साकेत खुर्चीवर पाय देऊन उतरला, आत गेला. त्यानंतर तिने पुढचे गुडघे दुमडले आणि मान खाली घातली.

लोकांना वाटलं, घोडी नवरदेवाला मुजरा करते आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. मोबाईल वर झाले. "पुन्हा! पुन्हा!" कोणीतरी ओरडलं.

तुंगा कुशीवर कलंडली, तेव्हा टाळ्या थांबल्या.

प्रवीणने धावत येऊन पट्टे सोडले, झूल ओढून काढली. खाली लाल, सोललेले चट्टे होते, आणि त्यांच्या कडेने लांब पांढरी लव तशीच. तो बघत राहिला. मग आईच्या हातातली बादली घेऊन त्याने सगळं पाणी घोडीवर ओतलं.

"अव्वा, आधी सांगायचं होतंस गं."

"आधी सांगितलं असतं तर ठेवली असतीस तिला?"

प्रवीण खाली बसला. रिकाम्या बादलीची कडी त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

आत मंगलाष्टका सुरू झाल्या. बाहेरची माणसं अक्षता मुठीत धरून आत गेली. सखूबाईने तुंगाचं डोकं मांडीवर घेतलं, कमरेचा खरारा काढला आणि मानेवरून हलक्या हाताने गोल गोल फिरवू लागली. घोडीचा श्वास लांबत गेला, मग पुढचा आलाच नाही. ती फिरवत राहिली. शेवटी सवयीने तिने खरारा रस्त्यावर आपटला. त्यातून काहीच पडलं नाही.