मी म्हणालो, खलास!

मित्रांनो, शाळेच्या स्पर्धांत सर जो तोंडाशी धरून ओरडतात, तो भोंगा तुम्ही पाहिलाच असेल. मी त्याच जातीचा, पण जुना. एके काळी पांढराशुभ्र होतो, आता पिवळा पडलोय. माझ्या पोटात सहा जाडे सेल बसतात, आणि बटण दाबलं की बोलणाऱ्याचा आवाज दसपट होतो. वय झालं तरी माझा राग काही गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून जहाजानं सौदी अरेबियात जेद्द्याला आलो आणि बाजारातल्या एका दुकानाच्या काचेत दोन वर्षं धूळ खात पडलो. शेवटी जलालभाई मुकादमांनी मला उचललं. जलालभाई मूळचे दाभोळचे. जेद्दा बंदरावर क्रेनचे फोरमन होते. त्यांनी मला गळ्यात अडकवलं आणि माझं नशीब उघडलं. "डावीकडे, अजून थोडं, बस, खलास!" असं मी गरजलो की टनभर वजनाची पेटी बरोबर जागेवर टेकायची. बंदरावरचे साहेब म्हणायचे, जलालच्या भोंग्यानं आजवर एकही अपघात होऊ दिला नाही. हे ऐकून मी फुगून जायचो.

हा खलास शब्द लक्षात ठेवा. अरबीत त्याचा अर्थ झालं, संपलं, पुरे. पेटी उतरली, खलास. जेवण झालं, खलास. नोकरी सुटली, तरी खलास. आखातात राहणारा माणूस दिवसातून पन्नास वेळा हा शब्द बोलतो आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. निदान तोवर तरी बिघडलं नव्हतं.

शुक्रवारी बंदराला सुट्टी. त्या दिवशी मी फुटबॉलचा असायचो. आमच्या कॉलनीच्या मधोमध मैदान होतं. त्याच्या एका बाजूला एकट्या राहणाऱ्यांच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला बायकामुलांची घरं. कॉलनीतल्या कोकणी पोरांची टीम होती, आणि दर जानेवारीत दक्षिणेकडच्या खमीस मुशैत शहराची टीम आमच्याशी खेळायला यायची. तीही आपलीच माणसं, बरीचशी रायगडकडची. पण ते राहायचे डोंगरावर, थंड हवेत. नव्वद मिनिटं पळूनही त्यांना धाप लागत नसे. आमची पोरं जेद्द्याच्या दमट हवेत तासाभरात घामानं निथळायची. सलग तीन वर्षं आम्ही हरलो होतो. जाताना ते गाडीच्या खिडकीतून ओरडायचे, "जाळी टाका रे दर्यात, गोलात काय टाकताय!" मला तर वाटायचं, सगळे सेल एकदम पेटवून त्यांचे कान फोडावेत.

म्हणून जलालभाईंनी कोच आणला. उदय गायधनी, नाशिकचे इंजिनियर, इंजिनियरिंग कॉलेजच्या टीमचे एके काळचे कप्तान. खोटं कशाला बोलू, माणूस चांगला होता. पोरांना पास द्यायला शिकवलं, दोघांची सिगरेट सोडवली. त्यांची बायको अनुराधा. मे महिन्यात लग्न झालं, जुलैत ती जेद्द्याला आली, आणि ऑगस्टात इराकनं कुवेत गिळला. बिचारी तेव्हापासून घरात बसून रेडिओवर बातम्याच ऐकत होती. ओळख म्हणाल तर एका शेजारणीची, जलालभाईंच्या बायकोची, अख्तरीची.

एक्याण्णवच्या जानेवारीतल्या दुसऱ्या शुक्रवारी सामना झाला. आमच्या फॉरवर्ड आकिबनं विसाव्या मिनिटाला गोल मारला. मी असा बोंबललो की पलीकडच्या घरात कुणाचं तरी तान्हं मूल जागं झालं म्हणे. ऐंशीव्या मिनिटापर्यंत आम्ही एका गोलनं पुढे. आणि मग उदयसरांनी काय करावं? आकिबला बाहेर काढलं! त्याच्या जागी आणखी एक बचाव करणारा घातला आणि सगळ्यांना मागे उभं केलं, भिंतीला टेकून बसवल्यासारखं. जलालभाई माझ्यातून ओरडत होते, आकिबला ठेवा, आकिबला ठेवा. उदयसरांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. खमीसवाल्यांना आयतं रान मिळालं. दहा मिनिटांत दोन गोल. जाताना त्यांनी हॉर्न वाजवत मैदानाला तीन फेऱ्या मारल्या.

मित्रांनो, त्या दिवशी मला सूड हवा होता. खमीसवाल्यांचा नाही, कोचचा. परक्यानं मारलं तर माणूस सोसतो, पण आपल्याच माणसानं हातचा घास घालवला की पित्त खवळतं. जलालभाईंचं तर जेवणावरून मन उडालं. बंदरावर, मशिदीच्या पायऱ्यांवर, मेसच्या रांगेत, जिथे तिथे त्यांचा एकच विषय. या माणसाला काढायचा, आणि गुपचूप नाही काढायचा, साऱ्या कॉलनीला ऐकू जाईल असा काढायचा. अख्तरी म्हणाली, पोरांचा खेळ तो, किती ताणाल? जलालभाईंनी तिच्याकडे पाठ फिरवली. मी त्यांच्या बाजूनं होतो, हे कबूल करतो.

रविवारी उदयसरांना कंपनीनं पंपाच्या दुरुस्तीसाठी पूर्वेला, दम्मामला पाठवलं. गुरुवारी पहाटे युद्ध सुरू झालं. विमानं बंद, फोन लागेनात. दुकानांतले सेल आणि विषारी वायूच्या भीतीनं खिडक्यांच्या फटी बुजवायच्या चिकटपट्ट्या एका दिवसात संपल्या. शुक्रवारी सकाळी रेडिओनं सांगितलं की पहाटे दम्मामच्या बाजूला क्षेपणास्त्र आलं होतं. अनुराधाचं आणि उदयसरांचं शेवटचं बोलणं बुधवारी झालं होतं. दोन दिवस ती दाराच्या उंबऱ्यावर रेडिओला कान लावून बसली होती.

आणि त्याच शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर टीमच्या कमिटीची बैठक भरली. जग कुठे चाललं होतं आणि आम्ही कुठे! उदयसरांना काढायला पाचजणांनी हात वर केले. जलालभाई मैदानाच्या मधोमध आले, मला तोंडाशी धरलं, बटण दाबलं आणि आठवडाभराचं सगळं विष एकदम ओतलं.

"ऐका हो ऐका! उदय गायधनी खलास! आज उदय गायधनी खलास झाला!"

इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. मला मजा आली. खरंच आली, आणि त्याचीच आज लाज वाटते.

समोरच्या घराचं दार उघडलं. अनुराधा अनवाणी मैदानावर आली. भाजी संपली की अख्तरी खलास म्हणते, हे तिला ठाऊक होतं. पण माणसाच्या नावापुढे खलास लागलं, आणि तो माणूस दम्मामला असला, की मराठी कान एकच अर्थ घेतो.

"कधी?" तिनं विचारलं.

"आजच, वहिनी," जलालभाई म्हणाले. "तुम्हाला घरी येऊन सांगणारच होतो."

"कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनीच पाहिलं की. शेवटच्या दहा मिनिटांत सगळं हातातून गेलं."

ती तडक गोलच्या लोखंडी खांबापाशी गेली आणि लग्नातल्या हिरव्या बांगड्यांचा हात तिनं त्या खांबावर आपटला. तीन बांगड्या फुटल्या. दुसरा हात उचलला तोच अख्तरी धावत आली आणि तिनं तो मनगटात धरला.

"अगो, काय करतेस? तुझा नवरा जिता हाय. कोच म्हणून काढलाय त्याला, इतकाच."

अनुराधानं हळूच मान वळवून जलालभाईंकडे पाहिलं. मनगटावरून रक्त ओघळत होतं.

"जिवंत आहे, हे माहीत आहे तुम्हाला?"

कुणालाच माहीत नव्हतं. आठवडाभर उठताबसता ज्याचं नाव घेतलं, तो माणूस आज पहाटे कसा आहे, याची एकानंही चौकशी केली नव्हती. बटण अजून दाबलेलंच होतं, त्यामुळे जलालभाईंचा श्वास तेवढा साऱ्या कॉलनीला ऐकू जात होता.

"लावा फोन," ती म्हणाली. "तोंड चालतं ना तुमचं? आता बोट चालवा."

जलालभाई कॉलनीच्या ऑफिसात जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत डायल फिरवत राहिले, शनिवारी उजाडल्यावर पुन्हा सुरू. मी त्यांच्या गळ्यातच होतो, अनुराधा समोरच्या बाकावर. अकराच्या सुमाराला पलीकडून आवाज आला. उदयसर सुखरूप होते. दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबून दोन दिवस गेस्ट हाऊसच्या न्हाणीघरात बसले होते. जलालभाईंचा आवाज ओळखल्यावर ते म्हणाले, "जलालभाई, आकिबला काढायला नको होतं. माझीच चूक झाली."

आठवडाभर जे वाक्य ऐकायला आम्ही तडफडत होतो, ते असं मिळालं. जलालभाईंनी रिसीव्हर अनुराधाच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले.

फोन ठेवून अनुराधा त्यांच्यापाशी आली. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, तर म्हणाली, इथे नको. जिथे बोललात तिथे बोला, आणि त्याच भोंग्यातून बोला. मग जलालभाई पुन्हा मैदानाच्या मधोमध उभे राहिले. आपलं नाव सांगितलं. उदय गायधनी दम्मामला जिवंत आहेत, असं सांगितलं. काल आपण रागाच्या भरात बोललो आणि त्यांच्या बायकोचा विचार केला नाही, हेही सांगितलं. खिडक्यांतून माणसं ऐकत होती. मुकादमांचा आवाज कापताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

ते झाल्यावर तिनं हात पुढे केला, मला घेतलं, माझं झाकण उघडलं आणि सहाही सेल काढून घेतले. बाजारात सेल नव्हते आणि तिचा रेडिओ मरायला टेकला होता. उदयसर मार्चमध्ये परत येईपर्यंत माझ्या सेलांवर ती दम्मामच्या बातम्या ऐकत राहिली. मी मुका होऊन अख्तरीच्या कपाटावर पडलो. आयुष्यभर नुसता बोलत होतो, तिथे पडल्या पडल्या ऐकायला शिकलो.

उदयसरांनी परत कोच व्हायला नकार दिला. पुढच्या वर्षी कोच झाले कोण, तर जलालभाई! त्यांनी पाचच्या पाच फॉरवर्ड मैदानात ठेवले आणि एकालाही शेवटपर्यंत बाहेर काढलं नाही. आम्ही चार गोलनं हरलो. खमीसवाल्यांनी पाच फेऱ्या मारल्या. जलालभाई मान खाली घालून घराकडे चालले होते, मी सेलांशिवाय नुसताच गळ्यात लटकत होतो. गॅलरीत अनुराधा उभी होती. तिच्या हातात नव्या हिरव्या बांगड्या होत्या. तिनं वर्षभर वाट पाहिली होती. वाकून अगदी हळू आवाजात म्हणाली,

"काय जलालभाई, खलास?"

जलालभाई थांबले. वर पाहिलं आणि वर्षभरात पहिल्यांदा पोट धरून हसले. "खलास, वहिनी," म्हणाले. "आता सेल द्या माझे."

तिनं दिले नाहीत. बरंच केलं.

आज मी दाभोळला जलालभाईंच्या घरी माळ्यावर आहे, पोटात सेल नाहीत. मित्रांनो, भोंग्याला तोंड मोठं असतं, पण कान नसतात. ते तुम्हाला आहेत. हरल्याचा राग यावा, तो येणारच. पण तो माझ्यात ओतण्याआधी समोरच्या उंबऱ्यावर कोण बसलंय, एवढं पाहून घ्या. आणि एका गोलनं पुढे असताना आकिबला काढू नका. ते मी अजून माफ केलेलं नाही.