रंगमास्तरांच्या दोन नळ्या

रंगमास्तरांनी काचेची नळी खिडकीकडे धरली, तिला नमुन्याचं रंगीत कार्ड भिडवलं आणि एक डोळा मिटून निकाल दिला.

"पिवळा. म्हणजे नायट्रेट शून्य. पाणी स्वच्छ."

माशांच्या टाकीला आतून शेवाळाचा असा थर चढला होता, की मासे घरात आहेत हे फक्त दाणे टाकल्यावरच कळत असे.

"मग हे शेवाळ काय हवा खाऊन जगतंय?" बायकोने विचारलं. "दुकानदार म्हणाला होता ना, नायट्रेट वाढलं की शेवाळ माजतं, आणि पाठोपाठ मासे दगावतात. काल एक गेलाच."

"म्हातारा होता तो."

"आणून तीन महिने नाही झाले अहो!"

कापड रंगवण्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं मास्तरांनी रंगांच्या शेड जुळवल्या होत्या. त्यांनी मान डोलावल्याशिवाय एक तागा बाहेर जात नसे, आणि मान आडवी हलवण्यात तर त्यांचा हातखंडा होता. निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी नव्या बाई आल्या, तरी अवघड शेड आली की मालक मास्तरांनाच बोलावत. उद्याचं बोलावणं होतं. सदरा इस्त्री होऊन खुर्चीच्या पाठीवर बसला होता.

"तपासणीचं औषधच शिळं असणार," म्हणत ते उठले. दुसऱ्या नळीत नळाचं पाणी घेतलं, पहिली धुऊन टाकीतल्या पाण्याने पुन्हा भरली. दोन्हींत मोजून थेंब टाकले, खळखळून हलवल्या आणि पाच मिनिटं घड्याळासमोर उभे राहिले. मग दोन्ही पांढऱ्या कागदापुढे धरून पाहिल्या. एकदा चष्मा लावून, एकदा काढून.

"अगं, इकडे ये. ही नळाची, ही टाकीतली. काही फरक दिसतो?"

नळाची पिवळी होती. टाकीतली नारिंगीच्याही पुढे, लाल व्हायच्या बेतात.

बायकोने हात पुसले. ते कोरडेच होते.

"छे. सारख्याच."

"नीट बघ."

"बघितलं की. दोन्ही पिवळ्या. तुम्ही म्हणता तेच बरोबर."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिला त्यांचं म्हणणं इतक्या झटकन कधी पटलं नव्हतं.

त्यांनी नळ्या ठेवल्या आणि फोन उचलला.

"मालक, उद्याचं काही जमत नाही. नाही हो, गुडघा धरलाय... परवाही नको. ती शेड आपल्या नव्या बाईंना दाखवा. त्यांना कळतं. हो, मीच सांगतोय."

फोन ठेवून ते तुरुतुरु स्टुलावर चढले आणि टाकीचं झाकण काढलं. बायकोने न सांगता खाली बादली आणून ठेवली.

"कुठला गुडघा?" तिने विचारलं.

"दोन्ही," मास्तर म्हणाले, आणि उपसायची रबरी नळी पाण्यात सोडली.