तीन टोल

मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. गावात सगळे मला घंटा म्हणतात, पण मित्रांनो, खरं सांगायचं तर मला ना घंटेचा आकार, ना तिचा गोड गळा. रेल्वेच्या कामातून उरलेल्या मला गाडीवानाने गाडीत टाकून आणलं. लोहाराने भोक पाडून सभाघराच्या ओसरीत टांगलं.

तीन टोल म्हणजे सभा. हातातलं काम टाकून माणसं यायची. पाटाचं पाणी आधी कोणाला, शाळेचं छप्पर कोण शाकारणार, कोणाची शेळी कोणाच्या वाफ्यात शिरली, सगळं माझ्याखाली ठरायचं. भांडणं अशी, की कानात बोटं घालावीत! पण उठताना काहीतरी ठरलेलं असायचं. याचा आवाज ओढ्यापलीकडे जातो, असं लोहार सांगायचा आणि मी फुगायचो.

मग युद्ध आलं. विमानं दिसली की मलाच बडवायचं ठरलं. त्यासाठी टोल वेगळे हवेत, असं सुईणबाईने सांगितलं. पाच पंचांत ती एक. लोहार पाच टोलांवर अडला, गाडीवान सातांवर. दोन संध्याकाळी वाद झाला आणि पुढच्या सभेत बघू म्हणून सगळे उठले. घोंगडं भिजत पडलं.

चौथ्या दिवशी सकाळी विमानं आली. लोहाराने घाईत हातोडा उचलला आणि हाताच्या सवयीने तीनच टोल दिले. अर्धं गाव सभा आहे म्हणून सभाघराच्या अंगणात जमलं. गाडीवान सगळ्यांत पुढे होता. त्यापुढचं मला सांगवत नाही.

युद्ध संपलं तेव्हा पंचांपैकी सुईणबाई आणि लोहार एवढेच उरले होते. ओढ्यावरचा पूल पडला होता आणि दवाखाना पलीकडे. सुईणबाईच्या सुनेला आठवा महिना लागला होता, पाय सुजले होते. हे बाळंतपण आपल्या हातचं नाही, हे बाईने ओळखलं होतं.

एका सकाळी सरकारचा साहेब आला. पुलाचं सामान आलंय, पंधरा दिवसांत पूल उभा राहील, म्हणाला, पण निम्म्या घरांनी समोर येऊन हात वर केले पाहिजेत, नाहीतर ते दुसऱ्या गावाला जाईल. दुपारपर्यंत थांबतो. बाईला आनंद मावेना. ती धावत आली आणि तिने मला तीन टोल दिले.

धडाधड दारं लागली. माणसं पोरांना काखोटीला मारून रानात पळाली. तिची स्वतःची सून खाटेखाली शिरली. बाई गल्लीगल्लीतून हाका मारत फिरली, पण ऐकायला होतं कोण? साहेब वाईट नव्हता. दुपार टळेपर्यंत थांबला, मग कागदावर 'गावाची मागणी नाही' असं लिहून निघून गेला.

वीस दिवसांनी सुनेला कळा लागल्या. ओढा भरून वाहत होता. खाटेवर घालून तिला काठापर्यंत नेलं. पलीकडे दवाखान्याची खिडकी दिसत होती. सून तिथेच गेली, बाळही गेलं.

दहा दिवस बाई घराबाहेर आली नाही. अकराव्या दिवशी आली, मला वाऱ्यानेही हलता येऊ नये म्हणून चिंधीने आवळून बांधलं आणि घरोघर निघाली. दार न वाजवता बाहेरून नावाने हाक मारायची. पहिल्या सभेला चारजण आले, दुसऱ्या सभेला अकरा. वर्षभराने गाव पुन्हा भांडायला लागलं, आणि पुलाचा अर्ज पुन्हा गेला.

या वर्षी पूल झाला. त्या दिवशी लोहाराने हौसेने माझी चिंधी सोडली, हातोडा उचलला. बाईने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे, दादा. घरोघर जायला तासच लागतो. त्या दिवशी तो तास वाचवायला गेले मी."

लोहाराने हातोडा खाली ठेवला. त्याने मारलेले तीन टोल त्यालाही आठवत होते. चिंधी त्यानेच परत बांधली.

मित्रांनो, आता मी नुसता गंजत असतो. तुमच्या गावातही माणसांना एकत्र बोलावणारा एखादा आवाज असेल. तो जपा. भीतीसाठी दुसरा आवाज शोधा, आणि ते काम पुढच्या सभेवर ढकलू नका. माझं भोक झिजलं तेव्हा लोहाराने दोनदा नीट केलं. आवाज मात्र त्याला नीट करता आला नाही.