उसाच्या पाण्याचा हेवा

मित्रांनो, निरवांगीच्या माळावर, मुरमात चार बोटं खाली बसलेला जुना कंद म्हणजे मी. चपटा, लहान बटाट्याएवढा. पावसाळ्यात दोन-चार पानं वर काढतो, नखाएवढं पिवळं फूल धरतो आणि दिवाळीच्या सुमारास सगळं आवरून मातीत झोपतो. भाजला तर गोड लागतो, असं मेंढरांमागची माणसं म्हणतात. शाळेच्या पुस्तकात माझा धडा नाही.

धडा असतो उसाचा. माळाच्या उताराला कुंडलिकचं रान होतं. त्याच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली. कुंडलिकनं ती विकली, पाइपलाइन आणली आणि १९९३ साली पहिला ऊस लावला. त्या उसाचे लाड काय सांगू! आठ दिवसांनी पाणी, वेळेवर युरिया, तोडणीच्या दिवशी पहिल्या मोळीला हळदकुंकू आणि नारळ. माझ्या डोक्यावरून ट्रॅक्टर जायचा. मी आतल्या आत जळायचो. तेवढं पाणी मला मिळू दे, मग बघा, असं मनाशी म्हणायचो.

माझ्यासाठी वाकायची ती फक्त ठमाबाई, कुंडलिकची आई. तिनं चार शेळ्या ठेवल्या होत्या. कंद उकरायची तिची रीत ठरलेली. मोठा घ्यायचा, बारका त्याच खड्ड्यात परत ठेवायचा आणि माती लोटून टाचेनं दाबायची. मीही असाच एकदा बारका म्हणून वाचलो होतो.

एका श्रावणात ठमाबाई लेकीकडे सुप्याला गेली आणि तिची नऊ वर्षांची नात, कुंडलिकची पोरगी स्वप्नाली, खुरपं घेऊन माळावर आली. तिनं मला पानांसकट उचललं.

"आण्णा, ह्यो कंद उसाच्या कडंला लावू का? आज्जी येईस्तवर भोपळ्याएवढा करून दावते!"

"लाव की," कुंडलिक हसला. "उसाला मिळतंय ते त्यालाबी मिळंल. हितं पाण्याला काय तोटा हाय व्हय?"

त्या दिवशी माझ्याएवढा खूश कंद तालुक्यात नसेल. आठवड्याभरात माझी पानं रुंद आणि गडद झाली. मी उसाकडे बरोबरीनं बघू लागलो. फूल मात्र येईना. कोरड्या दिवसांसाठी पाणी मी अंगातच साठवलेलं असतं. आता बाहेरही पाणीच. मुळांना श्वास घ्यायला मातीत हवा उरली नाही. पोटाला एक मऊ डाग पडला, पानं पिवळी झाली.

स्वप्नालीनं ती पाहिली आणि उसाच्या घरातल्या पोरीला सुचावं तेच केलं. पाणी वाढवलं.

"युरिया कमी पडला आसंल," म्हणत कुंडलिकनंही एक मूठ टाकली.

मी कुजत होतो आणि शेजारी ऊस तेच पाणी पिऊन पेरावर पेर चढवत होता. मरतानासुद्धा मला त्याचा हेवाच वाटत होता.

ठमाबाई परत आली ती थेट बांधावर.

"ह्याला हितं कुणी आणला?"

"मी. आज्जे, मी रोज पाणी घातलं गं," स्वप्नाली रडवेली झाली.

"रोज? आगं बया, ऊस हाय का त्यो? लाड करून जीव घेतीस की त्याचा!"

तिनं मला उकरलं, हुंगलं आणि विळ्यानं कुजका अर्धा भाग कापून टाकला. जखमेला चुलीतली राख लावली. दोन दिवस सावलीत सुकवलं. मग नातीला घेऊन माळावर आली, मला मुरमात ठेवलं आणि म्हणाली, "दाब टाच. न् परत पाणी घिऊन आलीस तर बघ!" स्वप्नालीनं माती लोटून टाच दाबली.

दोन पावसाळे मी नुसती पानं काढली. तिसऱ्या वर्षी फूल आलं. शाळेतून येताना स्वप्नाली थांबली. हातात पाण्याची बाटली. ती वाकली, फूल बघून हसली आणि बाटलीचं झाकण काढलं.

"तुला न्हाय हं," ती म्हणाली आणि स्वतःच प्यायली.

मित्रांनो, माळ तुम्हाला रिकामा दिसतो. तिथं नांगर किंवा पाइप नेण्याआधी एकदा वाकून बघा. कंद उकरलात, तर बारका परत ठेवा.

हेवा गेला का, म्हणाल तर नाही. मातीखाली झोपलेला असलो तरी उसापुढे नारळ फुटल्याचा आवाज मला बरोबर ऐकू येतो आणि अजून चरचरतं. पण मग मला स्वप्नालीची टाच आठवते. तशी टाच उसासाठी कोणी दाबत नाही.