लाल चिंधीचं वांगं

पंचफुलाच्या परसात वांग्याची सात झाडं होती, पण तिचा जीव अडकला होता एकाच वांग्यात. त्याच्या देठाला लाल चिंधी बांधलेली. चिंधी म्हणजे खूण: हे बियाण्याचं, आणि ज्यानं बांधली त्याचं. बाकीच्यांनी हात लावायचा नाही.

डोणगावच्या माहेरचं ते वाण. गेल्या पावसात भावाकडची झाडं कुजली, त्यामुळे ते आता फक्त इथे, अमडापूरच्या कडेच्या या घरामागे उरलं होतं. अजून दहा-बारा दिवस झाडावर राहून पिवळं पडलं, की बी तयार. तोवर पंचफुलाला अन्न गोड लागत नव्हतं. शेजारच्या कलाबाईनं परवा सहज म्हटलं, "मलेही देजो वं थोडं बी." त्यावर ही म्हणाली, "पिकू तर दे आधी." खरं तर द्यायचं तिच्या मनातच नव्हतं. बियाण्याच्या बाबतीत बाई भारी चिक्कू.

आधी धास्ती रोह्यांची, म्हणजे नीलगाईंची होती. मागचं रान उघडं, त्यामुळे रोही थेट परसापर्यंत येत. म्हणून दोन्ही घरांनी मिळून मागच्या बाजूला बांबू रोवले आणि जुन्या साड्या ताणल्या. अर्ध्या हिच्या, अर्ध्या कलाबाईच्या. साड्या फडफडल्या की रोही बुजत. दोन परसांच्या मधे मात्र काहीच आडोसा नव्हता.

त्यात थंडी पडली. सकाळी टमाट्याची पानं काळी पडलेली दिसली. आता पाळी वांग्याची. घरात गोधड्या दोनच, आणि नवरा भाऊराव खोकल्यानं बेजार. दिवस मावळताना ती कुंपणाशी गेली आणि आपल्या साड्यांच्या गाठी सोडू लागली.

भाऊराव दारातून ओरडले, "कुंपण काऊन सोडून राह्यली वं? रोही येतीन ना!"

"एका रातीनं काय होते? झाड गेलं तर बी कुठून आणू?"

"कलाबाईले तरी सांग."

"हाव, सांगतो."

सांगितलं मात्र नाही. कलाबाई नको म्हणाली तर, ही भीती. सातही झाडं तिनं साड्यांत गुंडाळली आणि कडांवर दगड ठेवले. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

फटफटताच ती परसात धावली. साड्या दवानं चिंब झालेल्या. तिनं एक बाजू उचलली. पानं हिरवी, चिंधी जागच्या जागी. हायसं वाटून ती कडेचे दगड काढायला खाली बसली, आणि तिथूनच तिला मातीतले खूर दिसले. उघड्या कुंपणातून आत आलेले, साड्यांतल्या झाडांना वळसा घालून पलीकडे गेलेले. कलाबाईच्या हरभऱ्याच्या वाफ्यात नुसते बुडखे उरले होते. तिची लेक सारिका दोन वर्षांनी संक्रांतीला माहेरी येणार होती. तिला ओल्या हरभऱ्याच्या सोल्याची भाजी करून घालायची म्हणून कलाबाईनं तो वाफा जपला होता.

पंचफुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात कलाबाई डोक्यावरून शाल घेऊन बाहेर आली. तिची पहिली नजर गेली ती गुंडाळलेल्या झाडांकडे.

"वाचलं काय वं तुह्यं वांगं? रातभर मले तोच घोर होता."

"वाचलं." पंचफुला उठून उभी राहिली. "कलाबाई, काल मी कुंपण सोडलं. तुले सांगितलं नाही."

कलाबाईनं तेव्हा वाफ्याकडे पाहिलं. ती वाफ्यात शिरली. वाकून एक बुडखा उपटला. त्याला चुकून राहिलेला एक घाटा होता. तो हातात धरून ती म्हणाली, "सारिकाले काय सांगू आता?" आणि आत गेली.

वांगं तोडून तिच्या दारात ठेवावं, तर ते अजून कच्चं. पंचफुलानं आपल्या साड्या सोडल्या आणि एकेक करून कुंपणाला परत बांधल्या. कलाबाईच्या हिरव्या साडीचा फाटका काठ तिथे लोंबत होता, त्याची तिनं एक पट्टी काढली. मग झाडापाशी बसून लाल चिंधी सोडली आणि ती हिरवी पट्टी देठाला बांधली.

अजून दहा-बारा दिवस होते. वांगं आता कलाबाईचं होतं, राखायचं मात्र पंचफुलाला होतं.