बंद साइटचा नवा पत्ता

ती मोठी साइट बंद पडली त्या दिवशी साहेबांनी ऑफिसात स्वतःच्या हाताने सगळ्यांना चहा वाटला. एरवी हा माणूस कुणापुढे पाण्याचा पेलाही सरकवायचा नाही. पण त्या सकाळी स्वारी हवेतच होती. पोलिसांनी दोन-तीन शहरांत एकदम धाडी घातल्या होत्या, संगणक उचलले होते, आणि चोरलेले सिनेमे फुकटात दाखवणाऱ्या त्या साइटवर आता नुसता सरकारी शिक्का दिसत होता.

साहेबांच्या हाताखाली ती नोकरीला होती. तिचं कामही याच लढाईतलं, पण पायदळातल्या शिपायाचं. दाताच्या दवाखान्यावरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. खालून दात कोरण्याची घरघर यायची आणि वर ही मंडळी संगणकात डोकं घालून बसायची. सिनेमा कंपन्यांसाठीच हे काम: नवा सिनेमा लागला की त्याची चोरटी प्रत कुठे कुठे आली ते हुडकायचं, नोटीस धाडायची, ती काढायला लावायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

"हरळी उपटतोय आपण," शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला चहा फुंकत म्हणाला. "वरचं गवत हातात येतं, मुळी खालीच राहते."

"आजच्या दिवस तरी बरं बोल रे," ती म्हणाली.

दुपारचे डबे धुऊन होईपर्यंत चष्मेवाला खरा ठरला. तीच साइट, तेच रंग, तेच सिनेमे, नव्या पत्त्यावर हजर. वर आणखी गंमत अशी, की सकाळच्या बातम्या ऐकून ज्यांना त्या साइटचं नावही ठाऊक नव्हतं असे लोकसुद्धा शोधत शोधत तिथे पोचले होते. धाडीने साइटची फुकटात जाहिरात करून दिली होती.

तिने नवा पत्ता वाचला आणि माउसवरचा हात तिथेच थांबला. पत्त्यात एकच शब्द होता. टिचकी.

टिचकी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती दिसेल त्या वस्तूला टिचकी मारून बघायची. वाटीला, काचेला, धाकट्या भावाच्या कानाला. म्हणून बाबांनी ठेवलेलं. ऑफिसात ते कुणाला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. आई गेल्यापासून त्या नावाने हाक मारणारी दोनच माणसं उरली होती. एक बाबा आणि दुसरा परगावी नोकरी करणारा धाकटा.

असेल योगायोग, असं म्हणून तिने नोटीस धाडली. संध्याकाळी पत्ता बंद झाला. सकाळी येऊन बघते तर साइट पुन्हा उभी. आता पत्ता होता, टिचकी-दुसरा-मजला.

ती दुसऱ्या मजल्यावर राहायची.

तिने तोही बंद करवला. मग आला टिचकीच्या-बाबांचा-गुडघा. बाबांनी उभा जन्म शिलाई मशीन पायाने हाणण्यात घालवला होता, आणि म्हातारपणी त्या गुडघ्याने दगा दिला होता. हे शेजारीपाजारी जाणत होते, डॉक्टर जाणत होता. पण त्या साइटवाल्याला कुणी सांगितलं? ऑफिसच्या खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं आणि तिच्या अंगावर मात्र काटा उभा राहिला होता.

ती साहेबांकडे गेली. साहेबांनी पडद्याकडे बघितलं आणि हसू दाबलं.

"अहो, पत्ता काही का असेना! बंद झाला ना? रोज एक बंद होतोय. सिनेमा कंपनीला दाखवायला झकास आहे हे."

"साहेब, हा माणूस मला ओळखतो."

"मग घाबरलाय तो तुम्हाला. चांगलंच आहे की."

पोलिसांच्या सायबर खात्यातला अधिकारी निदान बसा म्हणाला. सगळं ऐकून घेतलं, पेन कानामागे खोचलं. "यात धमकी कुठे आहे, सांगा बघू. गुडघा म्हणजे काही शिवी नाही. तक्रारीत मी लिहू काय? अज्ञात इसमाने गुडघ्याचा उल्लेख केला?"

ती तशीच परत आली. आता संशयाला पाय फुटले. रस्त्यात कुणी दोनदा बघितलं तरी तिची पावलं झपझप पडायची. दाराला तिने आतून जास्तीची कडी लावून घेतली. बाबा म्हणाले, "टिचकी, काय झालंय?" तर म्हणाली, "काही नाही, चोऱ्या वाढल्यात." आणि मनात एकच हिशेब घोळत होता. नाव ठाऊक असलेली माणसं दोन. त्यांतला एक इथे खुर्चीत बसलाय. दुसरा संगणकाचं काम करतो, आणि कॉलेजात असताना चोरटे सिनेमे उतरवून मित्रांना वाटायचा.

सुट्टीच्या दुपारी बाबा न्हाव्याकडे गेले होते. ती पुढच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. हात गुंतलेले म्हणून फोन टेबलावर ठेवून, आवाज मोठा करून तिने धाकट्याला गाठलं. आडवळणाने विचारायचं असं ठरवलं होतं, पण तोंडातून सरळच निघालं.

"खरं सांग, ती साइट तू चालवतोस?"

पलीकडे वाजत असलेलं गाणं त्याने बंद केलं.

"ताई, तुला कळतंय का तू काय बोलतेयस?"

"ते नाव तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

"मी तुझ्या दप्तरातल्या पेन्सिली चोरल्या असतील. आईच्या पर्समधली नाणीही चोरली. पण तुला घाबरवीन मी? बाबांच्या दुखण्याची थट्टा करीन?" त्याचा आवाज चिरकला. "मला चोर समजलीस ते एक वेळ चालेल. पण हे नाही चालायचं. ठेव फोन."

तिच्याआधी त्यानेच ठेवला. इस्त्रीखाली बाबांच्या सदऱ्याची बाही करपल्याचा वास आला तेव्हा ती भानावर आली. रिकाम्या खोलीत स्वतःलाच म्हणाली, "छान केलंस. आता एकटीच राहा, टिचकी."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याने तिला जवळ बोलावलं. त्याचा चेहरा उतरला होता. नव्या पत्त्यावर लिहिलं होतं, एकटीच-राहा-टिचकी.

ती उठली, पर्स घेतली आणि कुणाला न सांगता घरी आली. धाकट्याने फोन ठेवल्यानंतरचे शब्द होते ते. त्या वेळी खोलीत ती होती आणि इस्त्री होती. मग ऐकलं कुणी? ती खोलीच्या मध्यभागी उभी राहून एकेक वस्तू बघू लागली. पंखा. कपाट. कॅलेंडर. टीव्ही. टीव्हीखाली साबणाच्या डबीएवढा काळा डबा, त्यावर हिरवा ठिपका. हा डबा कितीतरी दिवस तिथे होता. केबलवाल्याचा असेल असं ती धरून चालली होती.

"बाबा, हा डबा कुणाचा?"

बाबा आतून काठी टेकत आले आणि दारातच थांबले. चोरी पकडलेल्या पोरासारखं तोंड झालं त्यांचं.

"इलेक्ट्रिकवाल्याने बसवून दिला. तू रागावशील म्हणून बोललो नाही. दिवसभर करू काय मी, सांग? यात सगळे सिनेमे लागतात. थेटरात लागलेलेसुद्धा. तो तुमच्या ऑफिसचा नवा आहे ना, तो अर्धा बघून झालाय माझा." मग तिचा राग घालवायला म्हणून घाईघाईने पुढे म्हणाले, "बटणंही शोधावी लागत नाहीत. नुसतं सिनेमाचं नाव बोललं की लावतो."

"म्हणजे हा ऐकतो?"

"ऐकल्याशिवाय लावेल कसा?"

तिला हसू आलं आणि पाठोपाठ रडू. ज्या सिनेमाची चोरटी प्रत शोधत ती दिवसभर डोळे फोडत होती, ती तिच्याच घरात, तिच्याच बापाच्या पुढ्यात चालू होती. तिने डब्याची वायर उपटली. हिरवा ठिपका विझला तरी तिला त्या खोलीत मोठ्याने बोलवेना.

इलेक्ट्रिकवाल्याचं दुकान कोपऱ्यावरच. गोल चेहऱ्याचा, तोंडभरून बोलणारा माणूस. बाबांच्या अर्ध्या हाकेला धावायचा, दिव्याचं बटण बदलायला कधी काही घ्यायचा नाही. तिने डबा काउंटरवर ठेवला आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"मॅडम, आईशपथ, तो ऐकलेलं पुढे पाठवतो हे मला ठाऊक नव्हतं. गल्लीत अर्ध्या घरांत दिलेत मी. पोलिस वसाहतीत तर रांग असते माझ्यासाठी."

"देतो कोण तुला हे?"

"कधी बघितलं नाही. फोनवर बोलतो. फार गोड बोलतो, साखर पेरल्यासारखा." त्याने रस्त्याकडे एक नजर टाकली. "हल्ली मी त्याचे डबे घेतही नाही. दुसऱ्या एकाकडून घेतो. मॅडम, पाया पडतो, माझं नाव कुठे काढू नका."

तिने नाव काढलं. रात्रभर तिची झोप उडाली होती, गल्लीतल्या प्रत्येक घरात एकेक हिरवा ठिपका कान टवकारून बसलाय असं वाटत होतं, आणि कुणीतरी हे थांबवायला हवं एवढंच तिला कळत होतं. सकाळी साहेबांनी ऐकलं आणि खुर्चीतून उडालेच. दोन दिवसांत दुकानावर धाड पडली. साहेब जप्त केलेल्या डब्यांच्या ढिगाऱ्यापाशी उभे राहिले, फोटो निघाले. इलेक्ट्रिकवाल्याला गाडीत बसवलं तेव्हा त्याची बायको पिठाच्या हातांनी पायरीवर उभी होती. मग पोलिस घरोघर जाऊन डबे गोळा करू लागले. फक्त वसाहतीत गेले नाहीत.

गल्लीने तिच्याशी बोलणं टाकलं. समोरच्या काकू, ज्या रोज बाबांची चौकशी करायच्या, त्या आता तिला बघून दार लोटून घेऊ लागल्या. पण साइटच्या पत्त्यातलं तिचं नाव गेलं. साइट होतीच, रोज नव्या पत्त्यावर उगवत होती; पण आता नुसती अक्षरं आणि आकडे. तिने सुटकेचा श्वास टाकला. धाकट्याला फोन केला, चुकले म्हणाली. तो म्हणाला, "जेवलीस का?" तेवढ्यावर दोघंही रडली.

इलेक्ट्रिकवाला जामिनावर सुटला तो सामान आवरायलाच. ती दुकानाशी गेली. शिव्या खायच्या तयारीने गेली होती. पण तो खोक्यात वायरींची भेंडोळी भरत शांतपणे बोलला.

"तुमच्यावर राग नाही, मॅडम. मी दुसऱ्याचा माल घ्यायला लागलो तेव्हा त्या गोड बोलणाऱ्याने सांगितलं होतं मला. म्हणाला, तुझ्या दुकानाला टाळं मी लावणार नाही, कायद्याकडून लावून घेईन. मला वाटलं, बढाई मारतोय."

"म्हणजे?"

"तुम्ही कुठे काम करता हे त्याला पहिल्यापासून ऐकू येत होतं. तुम्हाला घाबरवून त्याला काय मिळणार होतं? तुम्ही डबा शोधावा, डब्यावरून मला शोधावं, एवढंच हवं होतं." त्याने खोक्याला दोरी बांधली. "माझ्याकडे सापडलेला सगळा माल त्या दुसऱ्याचा होता. त्याचा एकही नाही."

तिथून ती तडक ऑफिसात गेली. "साहेब, त्याने आपल्याला वापरलं. आपल्या हातून त्याने त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं दुकान बंद पाडलं."

साहेब भिंतीवर धाडीचा फोटो लावत होते. "वापरलं तर वापरलं. धाड झाली ना? जरा बघा, चौकट सरळ आहे का?"

चष्मेवाल्याने उठून चौकट सरळ केली. ती आपल्या जागेवर जाऊन बसली. दुसरं करणार काय? नोकरी सोडली तर बाबांचं औषधपाणी कोण बघणार? तिने त्या दिवशीचा पत्ता शोधला आणि नोटीस धाडली.

त्यानंतरच्या सुट्टीला सकाळीच बेल वाजली. दारात एक तरुण, नीट भांग पाडलेला, खांद्याला पिशवी.

"नमस्कार, ताई. कोपऱ्यावरचं दुकान आता माझ्याकडे आलंय. बाबांचा डबा बंद पडलाय ना? नवा आणलाय. त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही असं सांगितलंय मला."

"कुणी सांगितलंय?"

तो नुसता हसला. अगदी अदबीने.

तिने दार लावलं, दोन्ही कड्या घातल्या. आतून बाबांनी विचारलं, "कोण गं?"

"कोणी नाही."

ती दाराला कान लावून उभी राहिली. पावलं जिन्याकडे गेली नाहीत. समोरची बेल वाजली. कडी निघाली, आणि समोरच्या काकूंचा, कितीतरी दिवसांनी इतका मोकळा झालेला आवाज आला, "या, या! वाटच बघत होते तुमची." थोड्या वेळाने तो बाहेर पडला आणि वरच्या मजल्याच्या पायऱ्या चढू लागला. वर एक दार उघडलं. मग त्याच्या पलीकडचं.