पेटीची जागा

कोंडवाड्याच्या दाराला नवं कुलूप लागलं तर आपल्याला काय मिळणार, ते रसूलला पाठ होतं. चोवीस वर्षं तो ग्रामपंचायतीचा शिपाई होता आणि चोवीस वर्षं तात्पुरता. नळाला पाणी सोडायचं, झेंड्याची दोरी ओढायची, सभेआधी खुर्च्या पुसायच्या आणि सभेनंतर कप विसळायचे. इतका टिकाऊ तात्पुरतेपणा इस्लामपूरच्या आसपास दुसरा सापडला नसता. उद्याच्या मासिक सभेत मात्र त्याला कायम करण्याचा ठराव यायचा होता. तो वीरधवल मांडणार होता. कुलूपही वीरधवलनेच आणलं होतं. दोन गोष्टी एकाच हाताने आल्या, की त्यांचा एकमेकींशी संबंध काय, हे शहाण्याने विचारायचं नसतं.

वीरधवल म्हणजे सरपंच राजेश्वरीताईंचा मुलगा. सही आईची, कारभार याचा.

"बसलं का काका कुलूप?"

"बसलं की. पर दादा, बारा वर्सांत हितं ना बैल आला, ना म्हस. आता कुणाला कोंडायचं?"

"येत्यात की. तुमचे पाव्हणेच हायत." वीरधवल हसला आणि एक किल्ली रसूलच्या हातावर ठेवून दुसरी आपल्या खिशात टाकली. "गेल्या साली माझी वीस गुंठं उसाची लागण मेंढरांनी जमिनीबरोबर केली. तवा कुणी भरून दिली? ह्या खेपंला शिवंतच आडवायची. पोरांना सांगितलंय. आन् आत भितीवर नियम रंगवा, जुन्या वहीत हायत. उद्या कुणी कायदा काढाय नको."

रसूलने निळ्या रंगात नियम रंगवले. अक्षर त्याचं चांगलं होतं.

पाव्हणे म्हणजे कवठे महांकाळकडचे मेंढपाळ, गुंडा आणि त्याचे भाऊबंद. दरसाल दिवाळी झाली, की त्यांची मेंढरं माळ सोडून कृष्णाकाठाला उतरत आणि जाता जाता ओढ्यापलीकडच्या रसूलच्या अर्ध्या एकरात दोन रात्री बसत. त्या लेंड्यांवर रसूलची वर्षाची जोंधळ्याची रास निघे. दुसरं खत त्या रानाने पाहिलं नव्हतं. आणि घरात, भिंतीकडेला, गुंडाच्या बायकोची, मनुबाईची पत्र्याची पेटी होती. तिच्यात त्यांची रेशनकार्डं, पोरीचा दाखला, एक ठेवणीतलं लुगडं. ज्यांना घर नाही त्यांनी घर ठेवायचं कुठं, तर ते त्यांनी रसूलच्या घरात ठेवलं होतं. बारा वर्षं ती पेटी तिथेच होती. रसूलची बायको अख्तरबी तिच्यावर रोज फडकं मारी.

कुलपाचं काम उरकल्यावर रसूलने आडोशाला जाऊन गुंडाला फोन लावला.

"गुंडाभाऊ, औंदा दुसऱ्या वाटंनं जावा."

"दुसरी वाट कंची?" पलीकडून मेंढरांच्या आवाजातून गुंडा ओरडला. "गायरानातनं जायाचो, तर तुमच्या गावानं तार मारून उनावर ईज करायच्या पाट्या बशीवल्या. कॅनालकडंनं जावं तर तितं फाटक घातलंया. आता काय मेंढरांस्नी पंखं लावू? गडी वड्यानं मेंढरं घिऊन येतूय. बायका बिराड घिऊन डांबरीनं म्होरं गेल्यात. तुमच्या रानात बसतु आन् फाटंचं हालतु."

"बायका डांबरीनं?" डांबरी शिवेवरूनच येत होती आणि तिथे वीरधवलची पोरं बसली होती. "आवं, त्यांना माघारी—"

फोन कटला. ओढ्यात रेंज नव्हती.

दुपारी तीनला वीरधवलच्या पोरांनी बिऱ्हाड आडवलं. तीन घोड्या, चार बायका आणि कोकरं. आठवडाभरातली कोकरं घोडीच्या पाठीवर जाळीत, त्याहून मोठी पायांत लुडबुडत. बायकांना कोंडता येत नव्हतं, म्हणून घोड्या आणि कोकरं कोंडवाड्यात घातली. कोकरं मोजून एकेचाळीस.

मनुबाई दाराशी उभी राहिली. बाईचा आवाज चढला नाही, त्याचीच रसूलला जास्त भीती वाटली.

"रसूलभाऊ, मोठी जनावरं कोंडत्यात, ठावं हाय. कोकरांनी कुणाचा ऊस खाल्ला? त्यांना अजून दात न्हाईत."

"मी काय करू वयनी? हुकूम हाय."

"व्हय की. हुकूम हाय." ती उंबऱ्यावरच बसली.

साडेचारपासून कोकरं ओरडायला लागली. आधी दोन-तीन, मग सगळी. दिवस कलला, की कोकरांना पाजायची वेळ होते. त्या वेळेचं घड्याळ कोकराच्या पोटात असतं आणि मेंढीच्या कासेत. ओढ्याच्या बाजूने मेंढ्यांचं उत्तर येऊ लागलं. ओढा आणि कोंडवाडा यांच्यामध्ये काय होतं, तर वीरधवलची नवी लागण, पाऊण एकर, गुडघाभर वाढलेली. तान्ह्या कोकराचा आवाज ऐकलेली मेंढी वाट विचारत नाही. हे मेंढपाळाच्या पोराला चालायच्या आधी कळतं आणि ऊसवाल्याला साठीपर्यंत कळत नाही.

रसूल धावत पंचायतीत गेला.

"दादा, कोकरं सोडा, न्हाईतर मेंढ्या सरळ तुमच्या लागणीतनं येत्यात. गुंडाला आवरायच्या न्हाईत."

"येऊ देत. नुकसानीचे फोटो काढतो."

"आन् ऊस?"

वीरधवलने लागणीकडे पाहिलं. फोटोला पीक लागतं, ते आपलंच आहे, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. पण पोरं समोर उभी होती. म्हातारा शिपाई सांगतो आणि आपण ऐकतो, हे पोरांदेखत कसं चालेल?

"कोंडवाडा तुमच्या ताब्यात हाय न्हवं? बघा काय बघायचं ते. कोकरू भाईर पडता कामा न्हाई."

परत येऊन रसूलने कोंडवाड्यात डोकावलं आणि त्याची नजर भिंतीवर गेली. निळा रंग अजून ओला होता : ‘कोंडलेल्या जनावरांस चारापाणी देणे बंधनकारक आहे.’ आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा वकिली सुचली. कोकराचं चारापाणी म्हणजे काय? तर दूध. दूध कुठून आणायचं? आईकडून. म्हणजे कोकरू बाहेर काढायचं नाही, आयांना आत घ्यायचं. हुकूमही राहील, ऊसही राहील, कोकरंही. ठरावही राहील, हे त्याने मनात शेवटी म्हटलं. पण सुचताना बहुधा तेच आधी सुचलं होतं.

त्याने मनुबाईला सांगितलं. ती उंबऱ्यावरून उठली.

"तुमी म्हंता म्हून आणतीया," ती म्हणाली आणि ओढ्याकडे गेली.

गुंडाने फक्त पाजणाऱ्या मेंढ्या निवडल्या आणि वळसा घालून, रस्त्याने, गावातून आणल्या. लागणीचं एक पान हललं नाही. कोंडवाड्याचं दार उघडलं आणि पाव घटका तिथे नुसता धुरळा आणि आवाज होता. मेंढ्या वास घेत हिंडत होत्या. परकं कोकरू लुचायला आलं की डोक्याने ढकलत होत्या. मग एकेक जोडी लागत गेली आणि आवाज एकेक करून विझत गेला. शेवटी एकेचाळीस शेपट्या हलत होत्या आणि सगळीकडे फक्त चुटूचुटू ऐकू येत होतं. गुंडाने मुंडासं काढून घाम पुसला.

"रसूलभाऊ, डोस्कं हाय गड्या तुमाला."

रसूल लाजला. सबंध दिवसात तो एवढाच क्षण बरा गेला.

दोघं बाहेरून, भिंतीवरून आत बघत होते, तेवढ्यात दाराशी खट् आवाज झाला. कुलूप कडीत नुसतं अडकवलेलं होतं, ते वीरधवलने दाबलं होतं.

"एका दमात ऐंशीच्या वर," तो म्हणाला. "काका, मानलं तुमाला. आमाला दोन दिस लागलं असतं."

गुंडाने रसूलकडे पाहिलं. रसूलने नजर भिंतीवरच्या निळ्या अक्षरांकडे वळवली.

"किती दंड?" गुंडाने विचारलं.

"दंड नको. तुमच्या पैशाची आमाला गरज न्हाई." वीरधवलने घडी घातलेला कागद काढला. तो टाइप केलेला होता, म्हणजे दुपारच्या आधीच केलेला होता. "सही करा. ह्या गावच्या शिवंत पुन्ना मेंढरं आणणार न्हाई. तुमी, तुमचं भाऊबंद, कुणीच. कायमचं."

"माझा आज्जा ह्या वाटंनं जायाचा."

"आज्जाच्या टायमाला ऊस नव्हता."

"त्येच म्हंतो मी. वाट आदी हुती."

पोरांतला एक हसला. दिवे लागायची वेळ झाली होती आणि आत घोडी खूर आपटत होती. बाकी अडीचशे मेंढरं ओढ्यात दोन पोरींच्या भरवशावर होती आणि अंधार पडल्यावर त्या बाजूला बिबट्या येतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"सही न्हाई करायची तर ऱ्हाऊ द्या," वीरधवल म्हणाला. "दुसरी किल्ली काकांकडं हाय. विचारा त्यांना. उघडत असतील तर माझं काय म्हणणं न्हाई."

सगळे रसूलकडे पाहू लागले. किल्ली त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती. एवढीशी किल्ली, पण खिसा खाली ओढला जातोय असं त्याला वाटलं. पाच पावलांवर दार होतं. चोवीस वर्षांत त्याने हजारदा कुलपं उघडली होती, कुणीतरी सांगितलं म्हणून. न सांगता एकही नाही. त्याचा हात खिशापर्यंत गेला आणि गुंडीवर थांबला.

"दादा..." तो म्हणाला.

गुंडाने तो हात पाहिला. मग मुंडासं पुन्हा डोक्याला गुंडाळलं.

"त्यांना नगा इचारू," तो म्हणाला. "त्यांना गावात ऱ्हायाचं हाय. आणा त्यो कागूद."

त्याने सावकाश, अक्षर अक्षर जोडत सही केली. साक्षीदार म्हणून खाली रसूलची घेतली. अक्षर त्याचं चांगलं होतं.

रात्री जनावरं सुटली, पण मेंढरं रसूलच्या रानात बसली नाहीत, शिवेबाहेर गेली. सकाळी मनुबाई घरी आली. घरात रसूल आणि अख्तरबी आपल्या भाषेत बोलत. भांडण मात्र मराठीतून होई, त्यात शिव्या जास्त होत्या. रात्रभर मराठीच चाललं होतं. मनुबाईला पाहून अख्तरबीने पाट पुढे सरकवला.

"भाबी, पेटी न्हेतीया."

"ऱ्हाऊ दे की गं. तुजी पेटी मला काय खायाला मागतीया का?"

"तुमचं कायबी चुकलं न्हाई भाबी. पर वाटच ऱ्हायली न्हाई, तर माघारी कवा यीन मी?"

तिने फडक्यात बांधलेलं तांब्याभर मेंढीचं दूध चुलीपाशी ठेवलं. दोघींनी मिळून पेटी उचलली. घोडीच्या पाठीवर, जाळीतल्या कोकरांशेजारी, ती जेमतेम बसली. रसूल परड्यात उभा होता. गुंडा रस्त्यावरूनच "चलतु, भाऊ" म्हणाला, दरसालसारखाच.

सभा अकराला झाली. ठराव एकमताने झाला, टाळ्या वाजल्या, चहाचे कप रसूलनेच विसळले. मग त्याने कोंडवाडा झाडला. तीन पाट्या लेंड्या निघाल्या. त्या डोक्यावरून आपल्या रानात नेऊन टाकल्या. अर्ध्या एकराचा एक कोपरा झाकला.

दुपारी घरी आला तेव्हा अख्तरबी फरशी घासत होती. पेटीखालचा गंजाचा चौकोन निघत नव्हता.

"झाला ठराव?"

"झाला."

"कुणी दिला?"

"वीरधवलदादानं मांडला."

"मांडला त्यानं. दिला कुणी, त्ये इचारतीया."

रसूलने टोपी खुंटीला अडकवली. जेवायला बसायला तो पलीकडे निघाला, आणि वाटेत तो चौकोन आला, तेव्हा पेटी अजून तिथेच असावी तसा कडेकडेने वळसा घालून गेला.